नारिंगी वायर

खोका पहिल्यांदा उघडला
आणि तसाच मिटून जिन्याखाली ठेवला.
सिलिकॉनचा तो वास माझ्या ओळखीचा होता.
सेंट जॉन्सच्या इस्पितळात एकोणीस दिवस
ॲम्ब्रोजच्या तोंडावर तो बसला होता.
विसाव्या दिवशी नर्सने मास्क काढला
तेव्हा त्याच्या गालांवर दोन वळ होते.
ते गेले नाहीत. जायला वेळच मिळाला नाही.

पण ईस्टरला व्हर्ना राहायला आली
आणि सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली,
"डल्सी, तू रात्री मरतेस. मी मोजलं.
बावीसपर्यंत. मग परत येतेस,
थंडीत बोटीचं इंजिन खोकतं तशी."
एकट्या बाईच्या घोरण्याला साक्षीदार नसतो.
मला वाटायचं, हे वय आहे.
फेरीच्या खिडकीत तिकीट फाडता फाडता
डोळा लागायचा, मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या.

दवाखान्यातली पोरगी म्हणाली, दिवसा घालून बसा.
झोपू नका. नुसती ओळख होऊ द्या.
म्हणून मी तो घालून बटाटे सोलले.
तो घालून हातमोजा विणला, अंगठा दोनदा उसवला.
तो घालून रेडिओवर समुद्राचा हाल ऐकला:
बोनाव्हिस्टाकडे वारा ईशान्येचा, धुकं दाट.
पोस्टमन दारात आला
तेव्हा टेबलाखाली वाकले, काहीतरी सांडल्यासारखी.
मांजर नळीवर तीन दिवस फिस्कारलं,
चौथ्या दिवशी तिच्यावर हनुवटी टेकून झोपलं.
माझ्या आधी ते शिकलं.

रात्रीची गोष्ट वेगळी.
नाकापेक्षा मोती जड, आणि माझ्या मोत्याला
चार पट्टे, सहा फुटांची शेपूट.
आवळला तर डोळे सुजायचे.
सैल सोडला तर हवा पापणीत शिरायची,
कुणी मुद्दाम फुंकर मारावी तशी.
एकदा नळीत पाणी साचलं, थेट नाकात उतरलं;
माझा आजा बुडून गेलेला,
त्याची आठवण त्या रात्री अंथरुणात आली.
अकरा रात्री दोनच्या आत मी तो भिरकावला.
बाराव्या रात्री साडेतीन वाजले होते.
नंतर कधीतरी, तारीख लिहिलेली नाही,
मी त्या हवेशी भांडायला विसरले.

कुणाला सांगितलं नव्हतं.
सदुसष्ट घरांच्या खाडीत
काही लपवायचं तर पडदे धुवायलाही काढायचे नाहीत.

फेब्रुवारीत वादळ आलं, खांब पडले.
मध्यरात्री यंत्र गप्प झालं
आणि मास्क नुसता मास्क उरला.
काढून ठेवला. साठ वर्षं झोपले तशी
मोकळ्या तोंडाने पडून राहिले.
झोप येईना.
दुसऱ्या रात्रीही नाही.
पलीकडे गार्लंड फजचा जनरेटर धडधडत होता.
तिसऱ्या संध्याकाळी नाइटगाउनवर कोट चढवला,
गुडघाभर बर्फातून जाऊन त्याचं दार वाजवलं.
"एक लांब वायर हवी होती. फ्रीजसाठी."

त्याने माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं.
अंगण, कुंपण, धक्का, सगळंच फ्रीज होतं.
मग वायरचं भेंडोळं खांद्यावर घेत
तो शांतपणे म्हणाला,
"फक्त नाकाचा, की तोंडावरचाही?"

तेव्हा मी त्याचे गाल नीट पाहिले.
इतकी वर्षं मला वाटत होतं
तो व्रण टोपीच्या बंदाचा आहे.

त्याच्या खिडकीतून कुंपणावरून माझ्या खिडकीत
नारिंगी वायर गेली. पांढऱ्या बर्फावर
अख्ख्या खाडीला दिसेल अशी.
सकाळी शाळेची पोरं तिच्यावरून उड्या मारत होती,
आणि मिसेस ट्युलिकने फावडं थांबवून
वायरचं एक टोक पाहिलं, मग दुसरं,
आणि भलतंच काहीतरी समजून गोड हसली.
समजू दे.

मी सात तास झोपले होते.
आरशात गालांवर दोन वळ होते, खोल, लालसर.
स्टोव्ह पेटवला, पाव भाजला,
व्हर्नाला फोन लावायचा म्हटलं, लाइन बंद होती.
मधूनमधून बोट लावून बघत राहिले.
दहा वाजेपर्यंत गेले.